आजोबांच्या नावचा सातबारा आता तरी उघडा

जालना जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांतल्या जमीनधारकांना, घरमालकांना, आणि पोटापाण्यासाठी पुण्याला, वाळूजला किंवा उसाच्या फडावर गेलेल्या आपल्या माणसांना ही कळकळीची विनंती आहे. येत्या आठ दिवसांत आपल्या प्रत्येक गटाचा सातबारा आणि आठ-अ काढा. तो वरपासून खालपर्यंत वाचा. त्यावरचं नाव जिवंत माणसाचं आहे का, ते बघा. नसेल तर वारसनोंदीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. पुढे बरंच सांगायचं आहे, पण कुणाला इथंच थांबायचं असेल तर एवढं करून थांबा.

घाई कशाची, असं कुणी विचारेल. वावर कुठं पळून जातंय? वावर जात नाही, पण त्याचा पैसा जातो. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. आता जालना ते नांदेड जोडमार्गासाठी जालना, परतूर, मंठा भागातल्या जमिनींचं संपादन निघालं आहे. जालना ते जळगाव या 174 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली, तो राजूर-भोकरदनकडून जाणार आहे. संपादनाची नोटीस निघते ती सातबाऱ्यावरच्या नावाने. तो माणूस वीस वर्षांपूर्वी वारला असेल, वारसांची नोंद नसेल आणि त्यात भावकीत एकाने हरकत घेतली, की मोबदल्याची रक्कम प्राधिकरणाकडे किंवा न्यायालयात जमा होते. मग ती सोडवून आणण्यात पिढी जाते. जमीन गेलेली असते, पैसा आलेला नसतो, आणि वकिलाची फी मात्र दर तारखेला द्यावी लागते.

दुसरं कारण रोजच्या जगण्यातलं आहे. एप्रिल 2025 पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. ॲग्रिस्टॅकचा हा क्रमांक सातबाऱ्याला आणि आधारला जोडलेला आहे. वडिलांच्या नावची जमीन मुलगा कसतो, पण कागदावर वडीलच आहेत, तर मुलाला ना अनुदान मिळतं, ना विमा, ना पीककर्ज. सरकारलाही हे उमगलं आहे. म्हणून 2025 मध्ये बुलढाण्यापासून सुरुवात करून ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर राबवली गेली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी. मोहीम आली आणि गेली. आपल्या गावात कितींनी नावं लावून घेतली ते पारावर बसून एकदा मोजा.

तिसरं कारण म्हातारी माणसं. कोणतं वावर जुन्या कोणत्या सर्व्हे नंबरात होतं, कोणत्या चुलत्याने कुणाला तोंडी काय दिलं, विहिरीतला हिस्सा कसा ठरला, हे ज्यांना माहीत आहे ते आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. त्यांनी सांगितलेलं न्यायालयात पुरावा म्हणून चालेलच असं नाही. पण कोणता कागद कुठं शोधायचा, हे त्यांच्याशिवाय कुणी सांगणार नाही.

आता काढायचं कसं. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की विनास्वाक्षरी सातबारा फुकट दिसतो. मोबाइल नंबर तेवढा द्यावा लागतो. गट नंबर आठवत नसेल तर नावावरूनही शोधता येतं. बँकेला, कचेरीला द्यायचा असेल तर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून 15 रुपयांत मिळतो. तो कायदेशीर कामाला चालतो. त्यावर पुन्हा तलाठ्याची सही आणा असं कुणी म्हणालं तर तसं लेखी मागा, बहुधा मागणी तिथंच विरघळते. एक सावधगिरी मात्र बाळगा. याच नावांची बनावट संकेतस्थळं आणि ॲप पुष्कळ झाली आहेत. खऱ्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असतंच.

सातबारा हातात आला की लोक वर नाव बघतात, खाली क्षेत्र बघतात आणि घडी घालतात. असं करू नका. नावाभोवती कंस असेल तर ते नाव कमी झालेलं आहे. त्या नावापुढे जो फेरफार क्रमांक दिसतो त्यात ते कमी का झालं याचं कारण असतं. नावाआधी ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ असेल, तर जमीन एकत्र कुटुंबाची आहे आणि थोरल्या भावाचं नाव केवळ कुटुंबाचा कर्ता म्हणून लागलं आहे. बाकीच्या भावांची, बहिणींची नावं लागायची राहून गेली आहेत. ‘अ.पा.क.’ असेल तर अज्ञान मुलाच्या वतीने पालनकर्ता लागला आहे. तो मुलगा आज नातवंडांचा आजोबा असेल, तरी शेरा तसाच असतो. हे शेरे काढून घ्यायला साधा अर्ज लागतो. पण काढले नाहीत, तर कर्ता म्हणून लागलेल्याची मुलं एक दिवस मालक म्हणून उभी राहतात. जिल्ह्यातल्या कुठल्याही दिवाणी न्यायालयाच्या व्हरांड्यात तासभर बसा, भावाभावांच्या भांडणाच्या मुळाशी हीच दोन-तीन अक्षरं सापडतील.

मग ‘इतर हक्क’ हा रकाना. सोसायटीचं कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी बोजा तसाच असतो. विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, कुळाचं नाव, न्यायालयाची मनाई, सगळं याच रकान्यात येतं. भोगवटादार वर्ग-1 आहे की वर्ग-2, हेही बघा. वर्ग-2 असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. इनामाच्या, कुळाच्या आणि सरकारने दिलेल्या जमिनी बहुतेक या वर्गात येतात. जमीन घ्यायला निघालेल्यांनी तर आधी हेच बघावं. इसार देऊन झाल्यावर वर्ग-2 दिसला, असं सांगत येणारे लोक कमी नाहीत.

प्रत्येक बदलामागे एक फेरफार असतो, त्याची नक्कल मागा. त्यात कुणी अर्ज केला, कुणाला नोटीस दिली, कुणाच्या सह्या आहेत, मंडळ अधिकाऱ्याने मंजूर करताना काय लिहिलं, हे सगळं असतं. हक्कसोड म्हणून बहिणीची सही दाखवलेली असते आणि बहिणीला त्याची गंधवार्ता नसते. इथं मी माता-भगिनींना वेगळं सांगतो. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, आणि वडील 2005 च्या आधी वारले असले तरी हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. हक्क सोडायचा असेल तर खुशीने सोडा, पण आधी माहेरचा सातबारा आणि फेरफार स्वतः बघा, आणि सही कुठल्या कागदावर करताय ते वाचून घ्या. दिवाळीला साडीबरोबर कागद पुढे आला तर तो घरी घेऊन जा.

‘आपली चावडी’ नावाची सोय फार कमी लोक वापरतात. चावडीच्या भिंतीवर लागणारी फेरफाराची नोटीस तिथं मोबाइलवर दिसते. आपल्या गटावर कुणी नवीन नोंद घालायला घेतली असेल तर हरकतीला 15 दिवस असतात. महिन्यातून दोनदा गाव निवडून बघितलं तरी पुरे. पुण्यात राहणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं, कारण गावात नोटीस लागल्याचं तुम्हाला भाऊबंद कळवतीलच याची खात्री नाही. मुदत टळून नोंद मंजूर झाली तर 60 दिवसांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. नाव चुकलं, क्षेत्र हुकलं अशी लिहिताना किंवा संगणकावर चढवताना झालेली चूक असेल तर अपील नको, तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज द्या. नोंद म्हणजे मालकी नाही, हे खरंच आहे. न्यायालयांनी ते पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. पण उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरली जाते, आणि उलट सिद्ध करायचा खर्च ज्याची नोंद नाही त्याच्या माथी येतो.

आता जुने कागद. आपला जिल्हा बाकी महाराष्ट्रापेक्षा इथं वेगळा आहे, आणि म्हणूनच लोक इथं अडतात. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या काळाचं महसुली दप्तर उर्दूत, काही फारसीत, गावपातळीवरचं पुष्कळसं मोडीत. वर्षं फसली सनाची. हैदराबादेतला फसली आकडा दिसला की त्यात साधारण 590 मिळवा, इसवी सन येतो. 1358 फसली म्हणजे 1948 च्या आसपासचा कागद. मुक्तीनंतर हक्कनोंदणी नव्याने झाली आणि 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक तयार झालं. मराठवाड्यात जमिनीचं कुळमूळ शोधताना बहुतेकदा इथून सुरुवात करतात. कुणाचा कब्जा, कोणतं पीक, किती आकार, इनाम की खालसा, हे त्यात आहे. कुळांसाठी 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याखालच्या नोंदी वेगळ्या असतात, संरक्षित कुळांच्या याद्या वेगळ्या. पुढे एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. म्हणून आजोबांच्या खरेदीखतावरचा नंबर आज सातबाऱ्यावर सापडत नाही आणि माणूस घाबरतो. घाबरू नका, जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयात असतो, तो मागा. तो मिळाल्याशिवाय जुना कागद नव्या गटाशी जुळत नाही.

आणि हे नीट ध्यानात घ्या: जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणीत. घनसावंगी नंतर अंबडमधून निघाला, मंठा परतूरमधून, बदनापूरही नंतरचा. कागद तयार झाला तेव्हा गाव ज्या तालुक्यात होतं, त्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात तो असण्याची शक्यता जास्त. मंठ्यात ‘नाही’ म्हणाले तर परतूरला विचारा, परतूरला नाही म्हणाले तर परभणीला. घनसावंगीच्या माणसाने अंबडची पायरी चढल्याशिवाय परत फिरू नये. खरेदीखतांचंही तेच. जुना दस्त त्या वेळच्या दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पुस्तकात असतो. कचेरीतून ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असं तोंडी उत्तर आलं म्हणजे शोध संपला, असं समजण्याची खोड आपल्याला लागली आहे. ती आता मोडायची आहे.

ती मोडता येते, हे आपल्याच जिल्ह्याने राज्याला दाखवलं. 29 ऑगस्ट 2023 ला अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं. आरक्षणाच्या प्रश्नावर ज्याचं जे मत असेल ते असो, तो वाद इथं काढायचा नाही. पण त्यानंतर मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि वर्षानुवर्षं लाल रुमालात बांधून ठेवलेले बस्ते मराठवाडाभर सुटू लागले. खासरा पत्रकं, जन्म-मृत्यूचे गाव नमुने, शाळांचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, कुळांच्या नोंदी, सगळं तपासलं गेलं. मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून आणावे लागले. ऑक्टोबर 2023 अखेर पावणेदोन कोटींच्या आसपास कागद पाहून 11,530 कुणबी नोंदी मिळाल्याचं सरकारने सांगितलं, आणि पुढे आकडा वाढत गेला. हे कागद कुठून नव्याने आले नव्हते. आधीपासून तिथंच होते, उघडून बघायला कुणी लावत नव्हतं. जातीचा दाखला काढायला ज्यांनी आजोबा-पणजोबांची खासरा नोंद मिळवली, त्यांच्या हातात जमिनीचाही जुना पुरावा आला आहे. दाखल्याच्या फाइलला जोडून तो विसरू नका, त्याची प्रमाणित प्रत वेगळी ठेवा.

जुने सातबारे, फेरफार, स्कॅन केलेले महसुली कागद ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर शोधता येतात. स्कॅनिंग सगळीकडे सारखं नाही. गावाचं नाव यादीत दिसलं तर नशीब, नाही दिसलं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. अर्जात गावाचं नाव, त्या वेळचा तालुका, सर्व्हे नंबर, सुमारे कोणत्या सालचा कागद, एवढं लिहा. ‘माझ्या आजोबांच्या सर्व जमिनीचे सर्व कागद’ असा अर्ज दिला तर तो परत येणारच, आणि त्यात कारकुनाचा दोष नाही. हे कागद तुम्हाला दाखवणं ही मेहरबानी नसते. महसूल संहितेच्या कलम 327 प्रमाणे नकाशे आणि भूमी अभिलेख नियमांनुसार पाहायला खुले आहेत. नोंदणी कायद्याच्या कलम 57 प्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक आणि त्याची सूची फी भरून कुणालाही पाहता येते, मिळकत तुमची असो वा नसो. अलीकडच्या दस्तांची सूची क्रमांक दोन तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर घरबसल्या दिसते. वर्ष आणि गट नंबर टाकायचा. आपल्या गटावर तोतया उभा करून कुणी खरेदीखत केलं आहे का, हे यातून कळतं. वर्षातून एकदा आपलाच गट असा शोधावा.

गावठाणातल्या घरांबाबत एक गैरसमज घट्ट बसला आहे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ म्हणजे घराची मालकी, असं समजलं जातं. तो कर आकारणीचा कागद आहे. ड्रोनने गावठाणं मोजून स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत, आपल्या गावाची झाली असेल तर भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून पत्रिका घ्या आणि शेजाऱ्याची भिंत तुमच्यात मोजली गेली की तुमची त्याच्यात, ते आताच बघा. जालना शहर 2023 मध्ये महानगरपालिका झालं, भाव चढले. इथंही नगरभूमापनाची मिळकत पत्रिका वेगळी आणि पालिकेची घरपट्टी वेगळी. बाँडवर प्लॉट घेतलेल्यांनी आधी मूळ गट बिनशेती झाला आहे का, ते बघावं.

सगळं करूनही कचेरी हलत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांत उत्तर, दोन रुपये पानाने प्रत. दारिद्र्यरेषेखालच्यांना अर्जाची फी नाही. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर 30 दिवसांत पहिलं अपील. प्रश्न विचारू नका, कागद मागा. ‘माझं नाव का काढलं?’ याला उत्तर मिळत नाही. ‘अमुक फेरफाराची, त्यासोबतच्या अर्जाची, नोटिसांच्या पोचपावत्यांची प्रत द्या’ याला द्यावं लागतं. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. तोंडी दिलेल्या अर्जाला साक्षीदार फक्त पंखा असतो.

आणि आपलेच कागद बघून थांबू नका. 2025 मध्ये अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टी अनुदानाच्या वाटपातला गैरव्यवहार बाहेर आला, तलाठी-कर्मचारी निलंबित झाले, गुन्हे नोंदले गेले. बोगस नावांवर पैसे गेल्याचं चौकशीत निघालं. गावाची लाभार्थी यादी गावाने वाचली असती, तर ‘या नावाच्या माणसाला आपल्या शिवारात वावर कुठंय?’ हा प्रश्न शेंबड्या पोरानेही विचारला असता. ग्रामसभेत यादीचं वाचन मागा. गायरान, पाणंद रस्ते, स्मशानभूमी, देवस्थानची जमीन यांचे सातबारे आणि गावचा नकाशा एकदा काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. महाभूनकाशा या संकेतस्थळावर गटाच्या हद्दी दिसतात. पाणंद नकाशात आहे आणि जमिनीवर नाही, अशी गावं किती निघतील ते बघाच.

शेवटी एक विनंती वेगळ्या लोकांना. जिल्ह्यात मोडी वाचणारी काही माणसं अजून आहेत, उर्दू वाचणारे तर जालन्यात, अंबडात, परतुरात घरोघरी आहेत. महिन्यातला एक रविवार गावकऱ्यांचे जुने कागद वाचून द्यायला द्या. निवृत्त तलाठी, मंडळ अधिकारी, भूकरमापक यांनीही यावं. बस्त्यांची भाषा तुमच्याइतकी कुणाला कळत नाही. ग्रामपंचायतींनी आणि वाचनालयांनी एक खोली, एक टेबल आणि स्कॅनर द्यावा. गावकऱ्यांनी मूळ कागद कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही, समोर बसून वाचून घ्यायचा, आणि वाचणाऱ्याने सांगितलेलं तिथंच मराठीत उतरवून त्याच्या खाली तारीख, गाव, जुना तालुका आणि सर्व्हे नंबर लिहून घ्यायचा.